पळसदेवचा वळीव, साम्रदचे काजवे आणि कोकणकड्यावरची सकाळ

लँडस्केप फोटोग्राफी करणाऱ्या माणसाचा फोटो घरातून निघतानाच डोक्यात काढून झालेला असतो. सूर्य कुठून उगवणार, कुठल्या सुळक्यामागे कधी येणार, ढग किती, चंद्र कधी मावळणार, हे सगळं फोटोपिल्स आणि विंडी या ॲप्सवर आठवडाभर आधीपासून बघून ठेवलेलं असतं आणि मग त्या एका फ्रेमसाठी आपण रात्री दोनला उठून गाडी काढतो. यात वाईट काहीच नाही, मी पण तेच करतो, तयारीशिवाय सह्याद्रीत काही हाताला लागत नाही हे पक्कं. पण आज हार्ड डिस्क चाळताना परत जाणवलं की मला जे फोटो खरंच जवळचे वाटतात ते बहुतेक त्या ठरवलेल्या फ्रेमचे नाहीतच. ठरवलेलं फसलं, लोकांनी सॅक भरायला घेतल्या, आणि त्यानंतर जे झालं त्याचे आहेत. म्हणून म्हटलं त्यातलं थोडं लिहून ठेवावं, कारण फोटो राहतो पण तो कसा मिळाला ते विसरायला होतं.

पळसदेवपासून सुरू करतो. पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवणच्या पुढे गेलं की इंदापूर तालुक्यात पळसदेव लागतं. भीमेवर उजनी धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं, गाव वर सरकलं, पण पळसनाथाचं मंदिर तिथेच राहिलं. एरवी शिखराचा भाग तेवढा पाण्यावर दिसतो, आणि पाणी फारच खाली गेलं की उन्हाळ्यात अख्खं मंदिर उघडं पडतं, अगदी कोरीव खांबांपर्यंत चालत जाता येतं. भिगवणला लोक हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जातात, होडीतून फिरतात, मस्त असतं ते, पण मला हे मंदिर मेमध्येच हवं होतं, पाणी ओसरल्यावर खाली जो काळा भेगाळलेला गाळ राहतो त्या भेगा फोरग्राउंडला घेऊन. वाइड लेन्स, कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर, भेगा मंदिराकडे धावत जातायत अशी फ्रेम.

गेलो तर आभाळ पांढरं फटक. उन्हाळ्यात दुपारी असतं ना तसं, ना निळं ना ढगाळ, नुसता धुरकट उजेड, सावली पण धड पडत नाही. अशा उजेडात दगडातलं कोरीवकाम सपाट होऊन जातं, सावलीच नाही तर खोली कुठून येणार. तिथे अजून काही फोटोवाले होते, ते तीनच्या सुमाराला कंटाळून निघून गेले. आम्ही दोघं मंदिराच्या आडोशाला बसून राहिलो, कारण एवढ्या उकाड्यात गाडीपर्यंत चालायचीच इच्छा नव्हती, खरं कारण एवढंच.

साडेचारच्या पुढे पूर्वेला काहीतरी काळं दिसायला लागलं. आधी वाटलं धूळ आहे. मग वारा पडला, पूर्ण पडला, एक पान हलेना, आणि पाण्याच्या कडेला बसलेले बगळे उठायला लागले. वळीव असा येतो हे लहानपणापासून माहीत आहे पण एवढ्या मोकळ्या जागेवरून, क्षितिजापासून वर चढताना तो कधी बघितला नव्हता. पूर्वेला अख्खं आभाळ जांभळट काळं, आणि पश्चिमेला सूर्य ढगाच्या कडेखालून मोकळा झालेला. म्हणजे मंदिरावर समोरून पिवळंधमक ऊन आणि मागे काळा पडदा. दिवसभर जे मंदिर मातकट दिसत होतं त्याची एकेक वीट वेगळी दिसायला लागली, दगडावरची प्रत्येक खाच उठून आली, आणि त्या काळ्या ढगावर पांढरे बगळे. मी भेगांची फ्रेम वगैरे सगळं सोडून दिलं, वाइड काढून सत्तर-दोनशेची झूम लेन्स लावली आणि मागे मागे जात राहिलो, म्हणजे मंदिर लहान आणि ढग मोठा येईल असं. एक्स्पोजर उन्हातल्या भिंतीवर घेतलं, ढग आपोआप अजून गडद झाला.

तेवढ्यात एक मासेमारी करणारे काका जाळं गोळा करत आमच्याजवळून गेले आणि न थांबताच म्हणाले, "आवरा आता पोरांनो, ह्ये आभाळ काय थांबत न्हाई. इथं उघड्यावर तुमीच उंच हाय."

हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक पावसाळी आउटिंगला आठवतो. तुमीच उंच हाय. मैलभर सपाट गाळ, त्यावर उभी दोन माणसं आणि धातूचा ट्रायपॉड. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, साधारण तीन सेकंदाला एक किलोमीटर, आणि तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज आपल्यापर्यंत पोचू शकते असं समजून चालायला लागायचं. आमचे तेव्हा पंधरा-सोळा भरत होते. आम्ही ट्रायपॉड मिटून सरळ गाडीकडे सुटलो आणि काचा लावल्या तशा गारा सुरू झाल्या, टपावर असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. विजांचे फोटो मग गाडीत बसूनच काढले, फार खास नाहीत, काचेवर पाणी होतं. पण ती आधीची दहा मिनिटं! ते फोटो अजून माझ्याकडचे सगळ्यात आवडते आहेत, आणि त्यात एकाही फोटोत आभाळाचा रंग वाढवलेला नाही, गरजच नव्हती.

दुसरं साम्रदचं. साम्रद म्हणजे भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालून घाटघरच्या बाजूला जायचं, सांदण दरीचं गाव, रतनगडाच्या पायथ्याला. मेच्या शेवटी अमावस्या बघून आकाशगंगेसाठी गेलो होतो. तेव्हा रात्री दहाच्या आसपास आकाशगंगेचा दाट भाग आग्नेयेला वर यायला लागतो आणि मध्यरात्रीनंतर छान उभा राहतो. पश्चिमेला कोकणाकडे तोंड केलं की कल्याण-मुंबईकडचा नारिंगी उजेड येतो, म्हणून मी रतनगडाच्या बाजूला तोंड करून फ्रेम धरली होती. अंधार पण चांगला मिळाला. आणि दहा वाजता ढग. विरळ नाही, घट्ट, पावसाच्या आधीचे.

मित्र गाडीत झोपायला गेला. मी बाहेरच बसलो, गरम होत होतं, आणि टॉर्च बंद करून टाकला कारण किडे येत होते. डोळ्यांना अंधाराची सवय पूर्ण व्हायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो, आणि या अर्ध्या तासात एकदा जरी मोबाइल बघितला तरी परत पहिल्यापासून. मी मोबाइल बघितला नाही. आणि मग ओढ्याच्या पलीकडचं एक झाड दिसायला लागलं, जे आधी तिथे आहे हेच मला कळलं नव्हतं.

एक-दोन काजवे सगळ्यांनी बघितलेले असतात. हे वेगळं होतं. ते सादड्याचं झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, एकदम उजळायचं आणि एकदम विझायचं. मध्ये श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच काळोख, की परत. मग शेजारच्या झाडानं तोच ताल धरला, मग त्याच्या पुढच्यानं, अशी एक लाट ओढ्याच्या कडेने खाली जायची आणि पुन्हा इकडून सुरू व्हायची. चमकणारे हे बहुतेक नर असतात, मादीला खूण करतात. अळी असताना हे मातीत ओलाव्यात राहतात, गोगलगाई खातात, आणि मोठे झाल्यावर फार थोडे दिवस जगतात, मेअखेर ते पाऊस जोरात लागेपर्यंत, एवढाच त्यांचा सीझन. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, या झाडांवर जास्त दिसतात.

मित्राला उठवलं. तो काही बोललाच नाही, नुसता दगडावर येऊन बसला.

फोटोबद्दल एक सांगायचंय, कारण नेटवर काजव्यांचे जे फोटो फिरतात त्यावरून लोकांचा फार गैरसमज होतो. ते फोटो एका क्लिकचे नसतात. मी पण तेच केलं, एफ २.८, आयएसओ १६००, तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक, आणि मग घरी सगळ्या एकावर एक चढवल्या, त्यामुळे तासाभरातली प्रत्येक चमक एकाच फोटोत दिसते आणि जंगलभर पिवळे ठिपके सांडल्यासारखं वाटतं. सुंदर दिसतं, पण डोळ्याला तसं कधीच दिसत नाही. डोळ्याला दिसतो तो ताल, आणि तो फोटोत येतच नाही. म्हणून मी असा फोटो टाकताना किती वेळाचा आहे ते खाली लिहितो. सगळ्यांनी लिहावं असं मला मनापासून वाटतं, नाहीतर माणसं एवढ्या लांब येतात आणि "फोटोत तर केवढे होते" म्हणून हिरमुसून जातात.

आणि त्याहून महत्त्वाचं. काजव्याचा सगळा संसार त्या उजेडाच्या खुणेवर चालतो. आपण गाडीचे हेडलाइट मारले, टॉर्च फिरवला, फ्लॅश मारला की ती खूण बुडाली. शनिवार-रविवारी त्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, स्पीकर लागतात, कोणी कोणी काजवे बाटलीत भरून पोरांच्या हातात देतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि बघून पोटात तुटतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे ते, १९८६ पासून. पिकनिक स्पॉट समजून जाऊ नका. गाडी गावात लावा, टॉर्चला लाल कागद बांधा आणि तो पण जमिनीकडे धरा, आणि वनखात्याने वेळ लावून दिली असेल तर त्या वेळेत बाहेर पडा. जमलं तर मधल्या वारी जा. गावातल्या घरी जेवा, मावशी नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी आणि जे काही कालवण असेल ते वाढतात, त्यांनाही दोन पैसे मिळतात.

आता हरिश्चंद्रगड. यावर मी बराच वेळ घेणार आहे, कारण हे बघितल्याला बरेच दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही.

कोकणकडा म्हटलं की सनसेट, हे समीकरण झालंय. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, मध्ये आत वळलेला, त्यामुळे संध्याकाळी तिथे शनिवारी ट्रायपॉड ठेवायला जागा मिळत नाही. आणि सकाळी तीच गर्दी तारामती शिखरावर सनराइजला जाते किंवा उशिरापर्यंत झोपते, मग पोहे खाऊन केदारेश्वराच्या गुहेतलं पाण्यातलं शिवलिंग बघून खाली. सकाळी साडेसात-आठला कड्यावर जवळजवळ कोणी नसतं. आणि इंद्रवज्र, म्हणजे ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवतीचं गोल रंगीत कडं, दिसतं ते सकाळीच.

हे मलाही पुस्तकी माहीत होतं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याच कड्यावर ते बघितल्याचं ट्रेकवाल्यांमध्ये सगळ्यांना पाठ असतं. पण आम्ही सप्टेंबरच्या शेवटी पाचनईवरून चढलो ते सोनकीसाठी. पिवळ्या सोनकीचा गालिचा आणि मागे कडा, एवढीच फ्रेम डोक्यात. संध्याकाळी कड्यावर गेलो तर दहा फुटांवरचा माणूस दिसत नव्हता, नुसता ढग. रात्रभर तेच. सकाळी तेच. आमच्यातले बरेच जण म्हणाले चला उतरू, पुण्याला वेळेत पोचू.

ज्यांच्याकडे जेवलो होतो ते मामा चुलीपाशी बसले होते. ते म्हणाले, "घाई कशापायी करता? ऊन चढू द्या. ऊन पाठीवं आलं अन ढग खाली बसला, म्हंजे जा कड्यावं. आज दिसंल."

मी विचारलं, "मामा, रोज दिसतं का?"

"रोज कसं दिसंल? पर आज ढग बघा की, कसा बारीक हाय."

ढग बारीक आहे म्हणजे काय हे मला नंतर कळलं, त्याच्याकडे येतो. आम्ही दोघं थांबलो, बाकीचे उतरले.

आठच्या जरा आधी तारामतीच्या अंगाने ऊन फुटलं. पठारावरचा ढग विरळ होत होत गेला आणि कड्याच्या खाली मात्र दरी काठोकाठ भरलेली, वर पांढरी, हलती. आम्ही कडेला ओल्या गवतावर पोटावर पडून बघत होतो (तिथे उभं राहून वाकून बघू नका, कधीच, पावसाळ्यात तर अजिबातच नाही). खालून वर येणारा वारा तोंडावर, त्यात पाण्याचे कण. आणि त्या पांढऱ्यावर आधी आमच्या सावल्या आल्या, दोन डोकी. मग माझ्या डोक्याच्या सावलीभोवती एक कडं उमटलं. आत निळसर, बाहेर लाल, पूर्ण गोल.

मित्र ओरडला, "माझ्या डोक्याभोवती आलं बघ!"

मी म्हटलं, "तुझ्या कुठे, माझ्या आहे."

"अरे नाही, मला दिसतंय ना."

दोघंही खरं बोलत होतो. इंद्रवज्र ज्याचं त्याला स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं, शेजारच्याच्या सावलीला नुसती सावली. कारण उजेड ढगातल्या थेंबांवर पडून जवळजवळ आल्या वाटेनेच परत फिरतो, त्यामुळे सूर्याच्या बरोबर उलट दिशेला जो बिंदू असतो तो प्रत्येकाच्या डोळ्याचा वेगळा. इंद्रधनुष्य पण सूर्याच्या उलट बाजूलाच असतं, पण त्याची कमान मोठी, मध्यापासून ४२ अंशांवर. हे कडं मात्र मध्याला चिकटून, काही अंशांतच संपणारं.

मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढे. मी कॅमेरा ट्रायपॉडवर खाली, माझ्यापासून हातभर बाजूला लावला होता. डोळ्याने बघितलं तर कडं माझ्या डोक्याभोवती. स्क्रीनवर बघितलं तर कडं कॅमेऱ्याच्या सावलीभोवती, आणि मी त्याच्या बाहेर! साहजिक आहे, तिथे बघणारा डोळा लेन्सचा. मग कॅमेरा उचलून चेहऱ्याशी धरला तेव्हा फोटोतही ते डोक्यावर आलं. ऑटोफोकस चालेना, समोर धरायला काही नाही म्हणून लेन्स पुढे-मागे घुं घुं करत राहते, शेवटी मॅन्युअलवर टाकून इन्फिनिटीच्या जवळ ठेवला. आणि वाइड लेन्सवर कडं अगदी टिकलीएवढं येतं, पन्नास-सत्तर एमएमवर नीट भरलं.

आणि ढग बारीक म्हणजे काय, तर थेंब बारीक. थेंब जेवढे बारीक आणि एकसारखे तेवढं कडं मोठं आणि रंग स्वच्छ. आम्ही बघत असतानाच खालून ढगाचा नवा लोट यायचा आणि कडं आक्रसायचं, तो गेला की परत फुलायचं. मामांना हे थेंबाचं शास्त्र कोणी शिकवलं नसणार, पण कुठला ढग चालतो आणि कुठला नाही ते त्यांना चुलीपाशी बसून दिसतं.

संध्याकाळी हे का शक्य नाही ते पण तिथे बसल्यावर लख्ख कळलं. संध्याकाळी सूर्य समोर, सावली मागे पठारावर. सकाळी सूर्य पाठीशी हवा आणि थोडा वर आलेला हवा, म्हणजे सावली कड्याच्या खाली ढगात पडते. फार वर गेला की सावली पायाशी येते, ढगही विरून जातो. म्हणून ती साडेसात ते नऊची वेळ. विमानात खिडकीशी बसलात आणि सूर्य पलीकडच्या बाजूला असेल तर खाली ढगावर विमानाच्या सावलीभोवती हेच कडं दिसतं, पुढच्या वेळी नक्की बघा, मी आता तिकीट काढताना सूर्याची बाजू बघून सीट घेतो.

सोनकीचा फोटो मी उतरताना काढला. चांगला आलाय.

आता माझं असं चाललंय की सूर्य पाठीशी आणि ढग खाली एवढंच लागत असेल तर कोकणाकडे तोंड असलेल्या कुठल्याही उभ्या कड्यावर हे दिसायला हवं. नाणेघाट, अहुपे, ढाकोबा, घाटघरचा कडा, सगळे तसेच आहेत. नाणेघाटात पावसाळ्यात सगळे उलटा धबधबा बघायला जातात आणि नंतर तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याची सुट्टी आत्ताच टाकून ठेवलीये. अहुप्यापासून सुरुवात, मुक्काम गावात, आणि पोचल्यावर पहिलं काम म्हणजे ज्यांच्या घरी राहणार त्यांना विचारायचं की सकाळी कडेला कधी काही दिसतं का आणि ढग कसा असला म्हणजे दिसतं. फोटोपिल्स नंतर उघडेन.